वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया आणि दादरचे पोर्तुगीज चर्च



दादर स्टेशनच्या पश्चिमेस उतरून गोखले रोडने दक्षिणेकडे चालू लागलात म्हणजे, जेथे एस. के. बोले मार्ग फुटतो त्या नाक्यावर तुम्ही पोचता. या नाक्याला सारी मुंबई पोर्तुगीज चर्च याच नावाने ओळखते. तुमच्यापैकी अनेकजण बसमधून या नाक्यावरून शेकडो वेळा गेले असतील. पण ज्या चर्चमुळे नाक्याला हे नाव पडले, ते तुम्ही कधी नीट पाहिले आहे काय? चर्च म्हटले की उंच मनोरा, टोकदार कमानी आणि घंटाघर असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. येथे मात्र साध्या भिंती, मध्ये मोकळी अंगणे आणि वर निमुळती होत गेलेली काँक्रीटची छपरे दिसतात. नवख्या माणसाला हे प्रार्थनास्थळ आहे हे चटकन कळतही नाही. ही वास्तू १९७४ ते १९७७ या काळात उभी राहिली आणि ती चार्ल्स कोरिया यांनी निर्माण केली.

मुस्लिम शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत एका ख्रिस्ती वास्तुशिल्पज्ञाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वडीलधाऱ्या मंडळींना पडेल. त्याचे उत्तर आधीच दिलेले बरे. आज आपल्या मोहल्ल्यांत आणि कोकणातल्या गावागावांत जुन्या मशिदी पाडून नव्या बांधल्या जात आहेत, मदरसे आणि शाळांच्या इमारती वाढत आहेत. आखातात राबणाऱ्या आपल्या मुलांनी घाम गाळून पाठविलेला पैसा या कामांत खर्च होतो. जमातीची बैठक भरते, कंत्राटदार चार रंगीत छायाचित्रे पुढे ठेवतो, त्यांतले एक पसंत केले जाते आणि काम सुरू होते. वारा कोठून येईल, जुम्म्याला हजार माणसे आत असताना श्वास कसा घ्यायचा, पावसाळ्यात चपला आणि छत्र्या कोठे ठेवायच्या, म्हाताऱ्या माणसाने वजूच्या जागेपर्यंत कसे जायचे, हे प्रश्न इमारत उभी राहिल्यावर सुचतात. मग पंखे लावले जातात, त्यानंतर वातानुकूलनाची यंत्रे आणि शेवटी विजेचे बिल भरण्यासाठी पुन्हा वर्गणी. हे प्रश्न आधी विचारावे लागतात, आणि ते विचारणे ही एक विद्या आहे. कोरिया यांनी जन्मभर या विद्येची उपासना केली.

चार्ल्स कोरिया यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबाद येथे झाला. घराणे मूळचे गोव्याचे. लहानपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाडीचा विलक्षण नाद होता. रूळ कसे टाकावेत, फाटे कोठे द्यावेत, गाडी कोठून वळवावी याचे नकाशे ते तासन् तास काढीत बसत. पुढे आपल्या व्यवसायाचे मूळ त्यांना याच खेळात दिसले. पालकांनी येथे थोडे थांबावे. मूल कागदावर रेघोट्या मारीत बसले की आपण त्याला अभ्यासाला पिटाळतो, परंतु त्या रेघोट्या म्हणजेच एखाद्याचा अभ्यास असू शकतो.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात काही काळ शिकून १९४९ साली ते अमेरिकेत गेले. मिशिगन विद्यापीठातून त्यांनी वास्तुशास्त्राची पदवी घेतली आणि १९५५ साली मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रज्ञान संस्थेतून पदव्युत्तर शिक्षण पुरे केले. मिशिगनला बकमिन्स्टर फुलर यांच्यासारखे कल्पक गुरू त्यांना लाभले. तो काळ मोठा उत्साहाचा होता. युरोप-अमेरिकेत काँक्रीट, पोलाद आणि काच यांच्या साहाय्याने नवी वास्तुकला आकार घेत होती. ल कॉर्बुझिए हे फ्रान्समधील थोर वास्तुशिल्पज्ञ त्याच सुमारास आपल्याकडे चंदीगड उभारीत होते, आणि १९५५ मध्ये फ्रान्सच्या रोंशां गावी त्यांनी टेकडीवर बांधलेल्या प्रार्थनामंदिराने साऱ्या जगाचे लक्ष वेधून घेतले होते. जाड भिंती, त्यांत लहान-मोठी भोके, वर फुगलेल्या शिडासारखे काँक्रीटचे छप्पर! देवाचे घर जुन्या नमुन्याबरहुकूमच असले पाहिजे हा समज त्या एका इमारतीने पुष्कळसा ढिला केला.

कोरिया यांना अमेरिकेत राहता आले असते. ते मुंबईस परतले, काही काळ एका वास्तुशिल्पसंस्थेत काम केले आणि १९५८ मध्ये स्वतःचा व्यवसाय सुरू केला. त्याच वर्षी साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालयाचे काम त्यांच्याकडे आले. वय अवघे अठ्ठावीस. एवढ्या मोठ्या माणसाचे स्मारक म्हटल्यावर एखाद्याने घुमट आणि संगमरवर योजला असता. कोरिया यांनी विटांचे खांब, कौलारू छप्पर, दगडी फरशी आणि खिडक्यांना काचेऐवजी लाकडी झडपा एवढेच साहित्य घेतले. सहा मीटर लांब-रुंद अशा छोट्या छोट्या चौकांची जुळणी केली, काही चौक छपराखाली तर काही आभाळाखाली ठेवले आणि मधोमध पाण्याचा हौद केला. १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आजही तेथे गेलात तर आश्रमातल्या इतर घरांपेक्षा ही इमारत आपला मोठेपणा मिरवीत आहे असे वाटत नाही.

याच काळात त्यांनी अहमदाबादेत गरिबांसाठी एक घर बांधून पाहिले. ते अरुंद आणि लांबट असल्यामुळे त्याला नळीघर असे नाव पडले. त्याची युक्ती विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते हे तुम्ही पुस्तकात शिकता. नळीघराचे छप्पर उतरते असून माथ्याशी फट ठेवली होती. आतली तापलेली हवा उतरत्या छपराला लागून वर चढे आणि फटीतून निघून जाई. तिची जागा घ्यायला खालून गार हवा आत येई. वीज नाही की पंखा नाही! आपल्या कोकणातल्या स्वयंपाकघराचे धुराडे तरी दुसरे काय करते? आमच्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होते, मात्र पदवीधरांना ते अमेरिकेहून शिकून यावे लागले असे कोणी म्हणेल. पण आजीचे धुराडे घेऊन त्याचे छप्पर करायचे, याला शिकलेली नजर लागते हेही तितकेच खरे.

आता दादरच्या चर्चकडे वळू. तेथील मूळ चर्च फार जुने. १५९६ साली फ्रान्सिस्कन पंथाच्या पोर्तुगीज पाद्र्यांनी ते स्थापन केले. तेव्हा मुंबई बेटांवर इंग्रजांचा पायही लागलेला नव्हता. तारणमाता मरियम हिच्या नावाचे हे चर्च, म्हणून कागदोपत्री त्याचे नाव तारणमातेचे चर्च असे आहे. भोवती वाड्या होत्या, नारळी-पोफळी होत्या. पुढे गिरण्या आल्या, चाळी आल्या, दादर गजबजले आणि चर्चला येणाऱ्या लोकांची संख्याही वाढली. १९७० नंतरच्या दशकात नवे चर्च बांधायचे ठरले तेव्हा ते काम कोरिया यांच्याकडे सोपविण्यात आले.

तोपर्यंत ख्रिस्ती जगातही एक मोठा बदल घडला होता. १९६२ ते १९६५ या वर्षांत रोमला भरलेल्या धर्मपरिषदेनंतर लॅटिनऐवजी लोकांच्या भाषांत उपासना होऊ लागली आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला. साहजिकच लांबलचक दालनाच्या टोकाला दूरवर वेदी असलेले जुने चर्च अपुरे वाटू लागले. लोकांना जवळ घेणारी वास्तू हवी होती.

कोरिया यांनी आरंभ आकारापासून केला नाही. हजरत ईसा, म्हणजेच ख्रिस्ती लोकांचे येशू, यांच्या जीवनकथेचे जे टप्पे ख्रिस्ती धर्मात मानले जातात, ते त्यांनी डोळ्यांसमोर ठेवले. प्रथम बाप्तिस्मा, त्यानंतर लोकांत मिसळून केलेले कार्य आणि अखेरीस ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे बलिदान. (या शेवटच्या बाबतीत आपली श्रद्धा वेगळी आहे हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. येथे विषय वास्तूचा आहे.) या टप्प्यांना अनुसरून त्यांनी एकात एक गुंतलेल्या जागा आखल्या. कोठे छपराखालचे दालन, कोठे उघडे अंगण, पुन्हा दालन, पुन्हा अंगण. रस्त्यावरच्या गोंगाटातून आलेला माणूस एकदम वेदीसमोर उभा राहत नाही. तो थोडा थोडा आत येतो आणि येता येता शांत होतो.

दालनांवर जी निमुळती काँक्रीटची छपरे दिसतात, त्यांत अहमदाबादच्या नळीघराचीच युक्ती आहे. छप्पर उंच चढत जाते आणि माथ्याशी हवेला वाट मिळते. खाली भरलेल्या माणसांच्या श्वासाने आणि उन्हाने तापलेली हवा वर निघून जाते आणि अंगणाकडून नवी हवा आत येते. दादरसारख्या दमट वस्तीत, शेकडो माणसे एकत्र बसतात तेथे, ही गोष्ट लहान नाही. वरूनच उजेडही उतरतो. ज्या काचेतून हा उजेड रंगीत होऊन खाली येतो, ती काच रंगविणारा कलावंत कोण होता? मकबूल फिदा हुसेन! पंढरपुरात जन्मलेला, मुंबईत येऊन सिनेमाच्या जाहिरातींचे भलेमोठे फलक रंगवून पोट भरणारा आपल्यातलाच एक मुलगा. पुढे त्यांची कीर्ती झाली, वादही झाले आणि २०११ साली परदेशी, लंडनमध्ये, त्यांचा अंत झाला. त्या वादांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यातील वास्तुशिल्पज्ञाने आखलेल्या चर्चमध्ये पंढरपूरच्या मुसलमान चित्रकाराचे रंग खाली उतरतात आणि ते पाहायला सिद्धिविनायकाच्या वाटेवर थांबावे लागते, ही आपल्या शहरातली गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावी असे प्रस्तुत लेखकास मनापासून वाटते.

ही वास्तू सर्वांनाच आवडते असे नाही. काँक्रीटचा उघडा पृष्ठभाग मुंबईच्या पावसात काळवंडतो, त्याची निगा राखणे जिकिरीचे असते. जुन्या चर्चचा गोडवा ज्यांच्या मनात आहे त्यांना ते रुक्ष वाटणेही स्वाभाविक आहे. हा दोष त्या काळच्या बहुतेक काँक्रीटच्या इमारतींना लागू आहे, आणि नव्या वास्तुकलेच्या भक्तांनी तो झाकू नये.

आता, हे सारे आपल्याला परके आहे काय? मदिनेतील मस्जिद-ए-नबवी प्रथम उभी राहिली तेव्हा ती कशी होती हे दीनियातच्या तासाला तुम्ही ऐकले आहे. कच्च्या विटांच्या भिंती, खजुराच्या बुंध्यांचे खांब, वर खजुरीच्या झावळ्या आणि पुढे उघडे अंगण. त्या मशिदीला घुमट नव्हता, मिनारही नव्हता. ते सारे नंतरच्या पिढ्यांनी, ज्या त्या देशाच्या रीतीप्रमाणे जोडले. मुंबईतच पाहायचे तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीत जा. १८०२ साली पुरी झालेली ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. पाणी बुजवून टाकण्याऐवजी बांधणाऱ्यांनी ते मशिदीच्या पोटात राखले आणि तेच वजूचा हौद झाले. त्या बांधणाऱ्यांनी जागा पाहिली, लोकांची गरज पाहिली आणि मग बांधले. विसाव्या शतकातही असे प्रयत्न झाले. ढाक्याची बैतुल मुकर्रम मशीद १९६० नंतर बांधली गेली, ती एखाद्या मोठ्या चौकोनी ठोकळ्यासारखी आहे. इस्लामाबादची फैसल मशीद १९८६ मध्ये पुरी झाली. तिला घुमट नाही, तिचे छप्पर अरबांच्या तंबूसारखे आहे आणि ते तुर्कस्तानच्या वेदात दालोकाय यांनी योजले. प्रथम अनेकांनी नाके मुरडली, आज तेथे लोक श्रद्धेने नमाज पढतात.

कोरिया यांचे इतर काम फार मोठे आहे. येथे थोडक्यात सांगतो. १९६४ च्या सुमारास प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर त्यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. सरकारने ती उचलली, १९७० साली सिडको स्थापन झाली आणि काही वर्षे कोरिया तिचे प्रमुख वास्तुशिल्पज्ञ होते. आज आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे बेलापूर, नेरूळ, पनवेल भागात राहतात, ती या कल्पनेच्या पोटातच राहतात. बेलापूरला त्यांनी कलाकारांची वसाहत बांधली. तेथे सात घरांचा एक घोळका, मध्ये आठ मीटर लांब-रुंद अंगण, आणि कोणाची भिंत कोणाशी सामाईक नाही, म्हणजे प्रत्येकाला ऐपतीप्रमाणे घर वाढविता यावे. लोकांनी ते इतके वाढविले की बऱ्याच ठिकाणी मूळ घर आता ओळखूही येत नाही! कंबाला हिलवरील कांचनजंगा ही त्यांची २८ मजली इमारत १९८३ साली पुरी झाली. ती धनिकांची आहे यात संशय नाही, पण कोपऱ्याकोपऱ्यांत दोन मजली उंचीचे सज्जे देऊन ऊन-पावसापासून घर कसे राखावे हे तेथेही पाहण्यासारखे आहे.

एका कामात मात्र त्यांना अपयश आले आणि ते अपयश परळ-लालबागच्या लोकांनी विसरू नये. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. मदनपुऱ्यापासून लालबागपर्यंत, साचेखात्यात काम करणारे आपले आणि इतर समाजांचे हजारो कामगार रस्त्यावर आले. गिरण्यांच्या जमिनीचे काय करावे यासाठी शासनाने १९९६ साली कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९९१ च्या विकास नियमावलीनुसार या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते. एक मोकळ्या मैदानांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकांसाठी. समितीने तुकडे तुकडे न पाडता साऱ्या जमिनीचा एकत्रित विचार करण्याचा आराखडा दिला. तो अमलात आला नाही. २००१ साली नियम असा बदलण्यात आला की वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीची होऊ लागली, इमारतींखालची जमीन वाटणीबाहेर राहिली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. आज तुमच्या मुलांना परळमध्ये खेळायला मैदान नाही आणि सभोवती पन्नास मजली मनोरे आहेत, त्याचा एक धागा येथे आहे.

मानसन्मान त्यांना उदंड मिळाले. १९७२ मध्ये पद्मश्री, १९८४ मध्ये ब्रिटिश वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेचे सुवर्णपदक, २००६ मध्ये पद्मविभूषण. मुस्लिम जगातील वास्तुकलेचा गौरव करण्यासाठी आगाखान यांनी १९७७ मध्ये पारितोषिक सुरू केले, तेव्हा त्याच्या मार्गदर्शक समितीत कोरिया होते. पुढे १९९८ मध्ये भोपाळच्या विधानभवनासाठी त्यांना स्वतःलाच ते पारितोषिक मिळाले.

आणि आयुष्याच्या अखेरीस एक मुसलमानांचे प्रार्थनास्थळ त्यांच्या हातून उभे राहिले. कॅनडातील टोरोंटो शहरी इस्माइली समाजाचे केंद्र त्यांनी आखले. सप्टेंबर २०१४ मध्ये ते खुले झाले. तेथील जमातखान्यावर काचेचे उंच, निमुळते होत जाणारे छप्पर आहे. दादरला काँक्रीट, टोरोंटोला काच. दादरला हवा बाहेर काढायची होती, तेथे बर्फाळ हिवाळ्यात उजेड आत घ्यायचा होता. त्यानंतर नऊच महिन्यांनी, १६ जून २०१५ रोजी, मुंबईत कोरिया यांचे निधन झाले. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते.

ज्या विद्यार्थ्यांना या मार्गाने जावेसे वाटते त्यांनी बारावीला गणित सोडू नये. वास्तुशास्त्राचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा असून त्यासाठी वेगळी अभियोग्यता परीक्षा द्यावी लागते. सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालय बोरीबंदरजवळच आहे, आणि नव्या पनवेलला अंजुमन-ए-इस्लामच्या काळसेकर तंत्रशिक्षण संकुलातही वास्तुकलेचे शिक्षण मिळते. मुलींनी हे क्षेत्र आपले नाही असे समजू नये. नव्या मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांत प्रवीणा मेहता होत्याच.

पोर्तुगीज चर्च पाहायला जायचे तर रविवारची सकाळ टाळा, तेव्हा तेथे उपासना चालू असते. इतर दिवशी दुपारी, परवानगी घेऊन, पाच-सात विद्यार्थी शिक्षकांसह गेलात तर उत्तम. अंगणातून दालनात शिरताना हवेत पडणारा फरक हाताला जाणवतो का ते पाहा, आणि रंगीत उजेड दोन वाजता कोठे पडतो त्याची खूण वहीत करून ठेवा.